घोड्याच्या मेंदूंतील तपकिरी कण आणि हिरवें गवत

घोडा कां अडला, या प्रश्नाचें उत्तर आपल्याकडील जुन्या कोड्यांत 'न फिरविल्यामुळें' असें दिलेलें आहे. थानावर नुसता बांधून ठेवलेला घोडा बिघडतो, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्यांत सांठविलेला आहे. परंतु १९९० सालापासून घोडा अडण्याचें आणखी एक कारण पशुवैद्यांच्या ध्यानांत आलें असून, तें फिरविण्याशीं नव्हे तर चारण्याशीं संबंध ठेवणारें आहे. चंदी पोटभर, खरारा रोजचा, पाणी स्वच्छ, काम बेताचें; असें सर्व असूनहि घोडा उभ्या उभ्या कांपूं लागतो, अंगावरील मांस झडतें, आणि मालकास कारण उमगत नाहीं. अशा घोड्यांची मरणोत्तर तपासणी केली तेव्हां त्यांच्या मज्जारज्जूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत व डोळ्याच्या पडद्याच्या मागें एका विशिष्ट तपकिरी द्रव्याचे कण सांचलेले आढळले. हेंच द्रव्य म्हाताऱ्या जनावरांच्या मेंदूंतील पेशींत नेहमींच आढळतें. जें वार्धक्यांत असावयाचें तें अकालीं व भलत्या ठिकाणीं कां सांचलें, याचा शोध घेतां घेतां विद्वान लोक शेवटीं गवताच्या काडीपाशीं येऊन पोहोंचले.

मेंदूच्या पेशी सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहण्याचा प्रसंग आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांवर येईल, हें आम्ही जाणतों. तथापि ज्या विषयाचा आरंभ प्रयोगशाळेंत होतो पण शेवट कुरणांत व कडब्याच्या गंजीपाशीं होतो, तो शेतकऱ्याच्या कामाचा नाहीं असें कोण म्हणेल? म्हणून ही हकीकत शक्य तितक्या सोप्या भाषेंत येथें देत आहों.

हे कण म्हणजे काय?

मज्जापेशींतील या पिवळसर-तपकिरी कणांचें वर्णन डेन्मार्कचे शास्त्रज्ञ आडॉल्फ हॅनोव्हर यांनीं १८४२ सालीं केलें. पुढें या द्रव्यास 'लिपोफ्यूसिन' हें नांव पडलें. ग्रीक भाषेंत 'लिपोस' म्हणजे चरबी व लॅटिन भाषेंत 'फुस्कस' म्हणजे काळसर-तपकिरी. या दोन शब्दांपासून हें नांव बनलें आहे. डोळ्यांस न दिसणाऱ्या अतिनील किरणांचा झोत या कणांवर टाकला असतां ते पिवळ्या-सोनेरी तेजानें चमकूं लागतात, आणि या खुणेवरून ते सहज ओळखतां येतात. ते केवळ घोड्यांतच असतात असें नाहीं. मनुष्य, बैल, कुत्रा इत्यादि सर्व प्राण्यांच्या मेंदूंत, हृदयाच्या स्नायूंत व यकृतांत ते वाढत्या वयाबरोबर जमत जातात. म्हणून कित्येक लोक त्यांस 'वार्धक्याचा रंग' असेंहि म्हणतात.

घोड्यांपुरतें बोलावयाचें तर, १०० घोड्यांचे मेंदू बारकाईनें तपासून केलेलें एक संशोधन २००६ सालीं प्रसिद्ध झालें. घोड्याच्या मेंदूंत वयामुळें कोणते फरक पडतात व कोणत्या फरकांचा वयाशीं संबंध नसतो, हें ठरविण्यासाठीं तें हातीं घेतलेलें होतें. वयाबरोबर वाढणाऱ्या गोष्टींत हा तपकिरी रंग होताच. तात्पर्य, वीस-बावीस वर्षांच्या घोड्याच्या मेंदूंत हे कण सांपडले तर तें नवल नव्हे व रोगहि नव्हे. तोंडांतील दांत झिजावे, डोळ्यांवरील खळगे खोल व्हावे, तसाच हा वयाचा एक धर्म आहे.

या ठिकाणीं एक घोटाळा टाळला पाहिजे. मेंदूच्या एका विशिष्ट भागांत आणखी एक गडद रंग असतो. तो जात्याच काळसर असून त्वचा व केंस यांस काळेपणा देणाऱ्या द्रव्याच्या जातीचा आहे. मनुष्याच्या मेंदूंत या भागास 'कृष्णद्रव्य' म्हणतात, व त्यांतील पेशी नष्ट झाल्या म्हणजे कंपवात होतो. तो रंग निराळा व आपण ज्याचा विचार करीत आहों तो तपकिरी रंग निराळा. पहिला पेशीच्या नेहमींच्या व्यवहारांतून उत्पन्न होतो. दुसरा पेशींतील न पचलेला केर आहे.

खवट तेलाचें उदाहरण

हा केर कसा उत्पन्न होतो हें समजण्यास स्वयंपाकघरांतील तेलाचें भांडें पुरे आहे. शेंगदाण्याचें तेल उघडें राहिलें म्हणजे कांहीं दिवसांनीं खवट होतें, आणि भांड्याच्या कांठावर त्याचा चिकट, तांबूस राप बसतो. तो नुसत्या पाण्यानें सुटत नाहीं. जवसाच्या तेलाची गोष्ट याहून स्पष्ट आहे. सुतार तें लांकडावर चोळतो, आणि हवा लागून तें कांहीं दिवसांत कठीण पापुद्र्यासारखें होतें. दोन्ही ठिकाणीं क्रिया एकच. हवेंतील प्राणवायु तेलाशीं संयोग पावतो, तेलाचे कण परस्परांत गुंततात, व पूर्वीं प्रवाही असलेला पदार्थ घट्ट व अविद्राव्य बनतो.

प्रत्येक जिवंत पेशीभोंवतीं व पेशीच्या आंत स्निग्ध द्रव्याचीं अतिशय पातळ पटलें असतात. पेशी प्राणवायूवर जगते, आणि त्याच प्राणवायूपासून या पटलांस खवटपणा येण्याचा धोका सदैव असतो. बिघडलेले तुकडे गिळून पचविणाऱ्या लहान पिशव्या प्रत्येक पेशींत असतात. त्या बहुतेक केर पचवून टाकतात. पण खवट झालेली चरबी व तिच्याशीं गुंतलेलीं प्रथिनें इतकीं घट्ट झालेलीं असतात कीं, तीं पचतहि नाहींत व बाहेरहि टाकतां येत नाहींत. तींच या पिशव्यांत सांचून तपकिरी कण बनतात.

त्वचेच्या पेशी एकसारख्या नव्या होतात व जुन्या गळून पडतात. त्यामुळें त्यांच्यांतील केर त्यांच्याबरोबर निघून जातो. मज्जापेशींस ही सोय नाहीं. शिंगरूं जन्मतांना ज्या मज्जापेशी असतात त्यांवरच बहुतेक जन्माचा कारभार चालवावयाचा असतो. महसुली दप्तरांत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांस हें चटकन्‌ समजेल. जिची वसुली कधींच होणार नाहीं अशी थकबाकी एका वर्षाच्या वहींतून दुसऱ्या वर्षाच्या वहींत जशी ओढली जाते, तसा हा केर मज्जापेशींत वर्षानुवर्षें पुढें ओढला जातो. म्हणून पेशीच्या दृष्टीनें पहिलें हित हें कीं, थकबाकी मुळांत पडूंच नये.

पटलांचा राखणदार

ही थकबाकी पडूं न देणारा राखणदार म्हणजे 'ई' जीवनसत्त्व होय. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया विद्यापीठांत हर्बर्ट इव्हान्स व कॅथरिन बिशप यांनीं १९२२ सालीं उंदरांवरील प्रयोगांत त्याचा शोध लावला. हें द्रव्य अन्नांत नसेल तर उंदरीण गाभण राहते, पण गर्भ टिकत नाहीं, असें त्यांस दिसून आलें. पुढें १९३६ सालीं गव्हाच्या अंकुराच्या तेलांतून तें शुद्ध स्वरूपांत वेगळें काढण्यांत आलें. हें जीवनसत्त्व चरबींत विरघळणारें असल्यामुळें पेशींच्या पटलांत जाऊन बसतें, आणि एका कणाचा खवटपणा दुसऱ्यास लागूं लागला कीं ती साखळी मध्येंच तोडतें. गवताच्या गंजींत एका पेंडीस लागलेली आग दुसरीस लागूं न देणाऱ्या जागल्यासारखें त्याचें काम आहे.

घोड्याच्या शरीरांत हें जीवनसत्त्व तयार होत नाहीं. तें वैरणींतूनच आलें पाहिजे. आतां तें कोणत्या वैरणींत असतें हें पाहावयाचें. ताज्या हिरव्या पानांत तें विपुल असतें. गवत कापून वाळविलें कीं त्याचा मोठा भाग नाश पावतो, आणि गंजींत पडून राहिलें म्हणजे उरलेलाहि हळूहळू कमी होत जातो. धान्याच्या चंदींत तें थोडकेंच असतें. यावरून ज्या घोड्यास वर्षानुवर्षें वाळलेलें गवत व चंदी यांखेरीज कांहीं मिळत नाहीं, त्याच्या पेशींचा राखणदार उपाशी राहतो हें उघड आहे. त्याचें पोट भरलेलें असतें व अंगावर चकाकीहि असते. म्हणूनच मालकास संशय येत नाहीं.

सुदैवानें चरबींत विरघळणारें हें द्रव्य शरीरांत सांठून राहतें. त्यामुळें चार-सहा महिने हिरवळ न मिळाली म्हणून घोडा लगेच आजारी पडत नाहीं. सांठा संपण्यास पुष्कळ काळ लागतो. अमेरिकेंत आढळलेल्या रोगी घोड्यांस सामान्यतः वर्ष-दीड वर्ष किंवा त्याहूनहि अधिक काळ हिरवें कुरण मिळालेलें नव्हतें.

कॉर्नेल येथील शोध

न्यूयॉर्क संस्थानांत इथाका गांवीं कॉर्नेल विद्यापीठ असून तेथील पशुवैद्यक विद्यालय प्रसिद्ध आहे. तेथील कमिंग्ज, डी लाहुंटा व त्यांचे सहकारी यांनीं १९९० सालीं घोड्यांच्या एका नव्या रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें. स्नायूंस हालचालीचा हुकूम पोहोंचविणाऱ्या ज्या मज्जापेशी मज्जारज्जूंत व मेंदूच्या बुडख्यांत असतात, त्या या रोगांत एकामागून एक मरतात. मनुष्यांतहि याच पेशी मारणारा एक असाध्य रोग आहे, व त्याच्याशीं असलेल्या साम्यामुळें या शोधाकडे मोठमोठ्या डॉक्टरांचेंहि लक्ष वेधलें. पुढें कॅनडा, इंग्लंड व युरोपांतील इतर कांहीं देशांतहि असे घोडे आढळले.

या रोगाचीं लक्षणें प्रत्येक घोडे-मालकानें ध्यानांत ठेवण्याजोगीं आहेत.

रोग दोन वर्षांखालील शिंगरांस सहसा होत नाहीं. तो मोठ्या घोड्यांचा आहे. घोडा चारहि पाय पोटाखालीं एकत्र घेऊन उभा राहतो. मांड्या व खांदे थरथरतात. तो भार या पायावरून त्या पायावर सारखा बदलतो, मान खालीं सोडतो, अंगास घाम येतो. निरोगी घोडा उभ्यानें डुलकी घेतो, पण हा वारंवार जमिनीवर पडून राहूं लागतो. शेंपटीचें मूळ पुष्कळदां वर उचललेलें दिसतें. खाणें मात्र कमी होत नाहीं; उलट कांहीं घोडे अधाशासारखे खातात, आणि तरीहि मांस झडत जातें.

सर्वांत विलक्षण गोष्ट ही कीं, हा घोडा चालतांना जितका बरा दिसतो तितका उभा असतांना दिसत नाहीं. लंगडा घोडा चालतांना लंगडतो व उभा असतां स्वस्थ असतो. येथें नेमकें उलट होतें. याचें कारण असें कीं, शरीर तोलून धरणारे जे स्नायु अखंड व संथ काम करतात ते प्राणवायूवर फार अवलंबून असतात, आणि त्यांस हुकूम देणाऱ्या मज्जापेशींतहि प्राणवायूचा व्यवहार अधिक असतो. जेथें प्राणवायूचा व्यवहार अधिक तेथें खवटपणाचा धोकाहि अधिक. म्हणून राखणदार नाहींसा होतांच पहिला घाव या पेशींवर पडतो. डोळ्यांची बुबुळें फिरविणाऱ्या मज्जापेशी मात्र या रोगांत वांचतात, असें दिसून आलें आहे.

आतां त्या तपकिरी कणांकडे वळूं. अशा घोड्याच्या डोळ्यांत पशुवैद्यानें विशेष उपकरणानें पाहिलें तर आंतील पडद्यावर पिवळट-तपकिरी जाळें पसरलेलें पुष्कळ घोड्यांत दिसतें. डोळ्याचा पडदा हा वस्तुतः मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे. म्हणून कवटी न उघडतां मेंदूची स्थिति पाहण्याची ही जणूं एक खिडकीच आहे. मृत्यूनंतर मज्जारज्जूच्या केशवाहिन्यांच्या अस्तरांतहि हाच रंग सांपडतो. हा रंग पेशी मारतो असें समजूं नये. घरांत सांपडलेला चिखलाचा ठसा म्हणजे चोर नव्हे; पण चोर कोणत्या वाटेनें आला हें तो सांगतो. त्याप्रमाणें हा रंग येथें खवटपणा शिरला होता याची साक्ष देतो.

ही साक्ष खरी कीं खोटी हें पाहण्यासाठीं कॉर्नेल येथेंच घोड्यांस दीर्घकाळ 'ई' जीवनसत्त्व कमी असलेल्या खाद्यावर ठेवून प्रयोग करण्यांत आले, व त्यांतील कांहीं घोड्यांस हाच रोग झाला. कांहींस झाला व कांहींस झाला नाहीं, हेंहि लक्षांत ठेवण्यासारखें आहे. एकाच तबेल्यांत एकच वैरण खाणाऱ्या पांच घोड्यांपैकीं एकच आजारी पडतो. म्हणून 'बाकीचे धडधाकट आहेत, तेव्हां दोष वैरणींत नाहीं' असें अनुमान काढणें चुकीचें होय. ज्या रांजणाला पहिली चीर पडते तो सर्वांत कच्चा असतो एवढेंच. कुंभाराचा आवा एकच असतो.

उपचार व त्यांची मर्यादा

लक्षणें बाहेर दिसूं लागतात तोंवर अशा मज्जापेशींपैकीं सुमारें ३० टक्के नष्ट झालेल्या असतात, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. मेलेली मज्जापेशी पुन्हां उत्पन्न होत नाहीं. म्हणून उपचारानें उरलेल्या पेशी वांचवितां येतात, गेलेल्या परत आणतां येत नाहींत. रोगी घोड्यास दररोज ५,००० ते ७,००० एकक 'ई' जीवनसत्त्व व भरपूर हिरवी वैरण दिली असतां सुमारें ४० टक्के घोडे सहा आठवड्यांच्या आंत सुधारतात. सुमारें ४० टक्क्यांचा रोग थांबतो पण शरीर रोडकें व विद्रूप राहतें. आणि उरलेले सुमारें २० टक्के खालावतच जातात. सुधारलेला घोडाहि पुन्हां पूर्वींसारखा कष्टाच्या कामास योग्य होईल असें धरून चालूं नये.

शिंगरांच्या बाबतींतहि एक इशारा दिला पाहिजे. वाढत्या वयांत हें जीवनसत्त्व न मिळाल्यानें होणाऱ्या एका निराळ्या रोगाचें वर्णन १९७७ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत मज्जारज्जु व मेंदूचा बुडखा यांतील पेशी व तंतु खराब होतात, व तेथेंहि हा तपकिरी रंग आढळतो. शिंगराचे पाय चालतांना भलतीकडे पडतात, व मागचा भाग झोकांड्या खातो. हा रोग विशिष्ट वंशांत अधिक दिसतो. ज्या घराण्यांत तो आहे तेथें गाभण घोडीस व शिंगरास पहिल्यापासून हें जीवनसत्त्व पुरविल्यास त्याचें प्रमाण घटतें. रोग पुरा जडल्यावर मात्र उपाय चालत नाहीं.

आपल्या प्रांतीं याचा उपयोग काय?

महाराष्ट्रांत घोडा आतां पूर्वींइतका घरोघर राहिलेला नाहीं, हें खरें. तरीहि तापीकांठीं सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेंत व नांदेडकडे माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. माथेरानास व महाबळेश्वरास प्रवासी घोड्यावर बसतात, शहरांत वरातीसाठीं घोडे पाळले जातात, आणि हौशी शेतकरी आजहि दारीं घोडी बांधतात. धनगरांचीं भीमथडी तट्टें कळपाबरोबर रानोमाळ हिंडतात. हिंडणाऱ्या जनावरास पावसाळ्यांत व त्यानंतर कांहीं महिने हिरवें गवत मिळतें आणि तोच सांठा उन्हाळ्यांत पुरतो. म्हणून चराऊ तट्टास या रोगाची भीति फार थोडी आहे. खरें संकट आहे तें बारमाही थानावर बांधलेल्या, कडबा, भुसा व चंदी यांवर पोसलेल्या, आणि बहुधा अधिक किंमतीच्या घोड्याला. गरिबाच्या तट्टास जें फुकट मिळतें तें श्रीमंताच्या घोड्यास पैसे देऊनहि मिळत नाहीं, असा हा प्रकार आहे. लागोपाठ दोन वर्षें पाऊस न झाल्यास मात्र हें संकट सर्वांवरच सारखें येऊं शकतें.

यावर उपाय फारसे खर्चाचे नाहींत.

पहिला उपाय हिरव्या तुकड्याचा. विहिरीच्या पाटाजवळ दोन-चार गुंठे लसूणघास लावावा. एकदां लाविला कीं तो पुष्कळ कापण्या देतो व उन्हाळ्यांतहि हिरवा राहतो. मात्र तो एकदम पोटभर घालूं नये. वाळलेल्या गवताबरोबर थोडा थोडा देऊन संवय लावावी, नाहीं तर पोटशूळ उठण्याचा संभव असतो. जेथें लसूणघास शक्य नाहीं तेथें मका किंवा ओट यांचा हिरवा चारा द्यावा. पावसाळ्यांत बांधावरील व गायरानांतील गवत असतांना घोड्यास रोज कांहीं तास मोकळें चरूं द्यावें. चरण्यानें फिरणेंहि होतें, आणि वर सांगितलेल्या कोड्याचेंहि उत्तर मिळतें.

दुसरा उपाय गवत सुकविण्याचा. गवत फुलोऱ्यास येतांच कापावें, बीं धरून पिवळें पडेपर्यंत ठेवूं नये. तें लवकर वाळवून हिरवेपणा राखून रचावें, आणि भिजूं देऊं नये. ज्या गवताचा रंग व वास टिकला आहे त्यांत जीवनसत्त्वहि कांहीं अंशीं टिकलेलें असतें. दोन वर्षांची जुनी गंजी पोट भरील, पण त्याहून अधिक कांहीं करणार नाहीं.

तिसरी गोष्ट खवट खाद्याची. घोड्याच्या अंगावर चकाकी यावी म्हणून कित्येक लोक तेल किंवा जवस पुष्कळ चारतात. अशी चरबी जितकी अधिक, तितकी तिच्या रक्षणासाठीं 'ई' जीवनसत्त्वाचीहि गरज अधिक. खवट झालेला भाताचा कोंडा किंवा पेंड तर मुळींच घालूं नये, कारण खवटपणा खाद्यांतील जीवनसत्त्वाचाच नाश करतो.

चौथी गोष्ट हिरव्याच्या नांवाखालीं कांहींहि न चारण्याची. कॅलिफोर्नियांत पिवळ्या फुलांचें एक कांटेरी तण आहे. इतर चारा संपल्यावर घोडे तें खाऊं लागतात, व कित्येक आठवडे सतत खाल्ल्यास त्यांच्या मेंदूंतील वर सांगितलेल्या कृष्णद्रव्याचा व त्याच्या शेजारच्या भागाचा नाश होतो. मग ओंठ व जीभ चालत नाहींत, आणि समोर चारा असतांना घोडा उपाशी मरतो. हें विष घोड्याच्या जातीसच बाधतें. तें तण आपल्या रानचें नसलें तरी बोध आपलाच आहे. घोड्याचा मेंदु काय झेपेल हें गाईबैलांवरून ठरवूं नये, आणि अनोळखी तण भाऱ्यांत येऊं देऊं नये.

कोणताहि घोडा रोड झाला व कांपूं लागला म्हणजे त्यास हाच रोग झाला, असा ग्रह करून घेऊं नये. आपल्या देशांत सर्रा हा घोड्यांचा जुना शत्रु आहे. त्याचे सूक्ष्म जंतु ग्रिफिथ इव्हान्स यांनीं १८८० सालीं पंजाबांत शोधून काढले, व तोहि रोग घोड्याचें मांस झडवितो. शिवाय जंत, दांतांचे दोष, पोटशूळ, कामानंतर स्नायु आंखडणें, अशीं अनेक कारणें असतात. म्हणून प्रथम पशुवैद्यास बोलावून रक्त तपासून घ्यावें. रक्तरसाच्या एका मिलिलिटरांत 'ई' जीवनसत्त्व २ मायक्रोग्रॅमहून अधिक असेल तर तें पुरेसें समजतात. ५०० किलो वजनाच्या निरोगी घोड्याची रोजची गरज सुमारें ५०० ते १,००० एकक असते, व चांगल्या कुरणांतून ती सहज भागते. औषध घ्यावयाचें झाल्यास निसर्गजन्य 'ई' कृत्रिमापेक्षां अंगीं अधिक लागतें. एक धोका मात्र नीट ओळखावा. बाजारांतील कित्येक मिश्रणांत 'ई' जीवनसत्त्वाबरोबर सेलेनियम हें खनिज घातलेलें असतें. 'ई' अधिक मिळावें म्हणून असलें मिश्रण दुप्पट-चौपट चारल्यास सेलेनियमाची विषबाधा होऊन घोडा दगावूं शकतो. यास्तव मात्रा पशुवैद्यानेंच ठरवावी.

ज्यांच्याकडे घोडा नाहीं, पण गाईबैल आहेत, त्यांनींहि हा लेख सर्वस्वी परका मानूं नये. गाभण गाय दीर्घकाळ जुन्या वाळक्या वैरणीवर राहिली, तर 'ई' जीवनसत्त्व व सेलेनियम यांच्या अभावीं वासराचे स्नायु पांढरट व निर्बळ होण्याचा रोग होऊं शकतो. असें वासरूं उभें राहत नाहीं, व कधीं कधीं हृदय थांबून एकाएकीं मरतें. गाभण जनावराच्या गव्हाणींत रोज हिरव्या चाऱ्याचा एक भारा पडावा, ही आपल्या वडीलधाऱ्यांची रीत शास्त्रासहि मान्य होणारी आहे.

सारांश, घोड्याच्या मेंदूंतील तपकिरी कण वयाबरोबर येतात ते आपणांस थांबवितां येत नाहींत. परंतु हिरवळीच्या अभावीं जे अकालीं सांचतात, त्यांचें येणें सर्वस्वी मालकाच्या हातीं आहे. मात्र तो उपाय घोडा कांपूं लागण्यापूर्वींच केला पाहिजे. म्हणून आमची वाचकांस एवढीच विनंती आहे कीं, ज्यांच्या थानावर घोडा बांधलेला आहे त्यांनीं आपल्या घोड्यानें शेवटचें हिरवें गवत केव्हां खाल्लें हें आज आठवून पाहावें. तें साल गेल्या पावसाळ्याच्या अलीकडचें असेल तर चिंतेचें कारण नाहीं. तें आठवतच नसेल, तर या आठवड्यांतच लसूणघासाचें बीं आणवावें, आणि तें उगवून येईतोंपर्यंत मोतद्दाराकडून रोज एक हिरवा भारा मागवीत जावा.